शुक्रवारचं टेबल: चॅटमध्ये काय बोलावं, काय गिळावं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आम्ही सांगली-मिरजेतले आठ-दहा जण शुक्रवारी रात्री जेवणं उरकली की फोनवर पोकर खेळतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये विश्रामबागेतल्या एका गच्चीवरचे पत्ते बंद पडले, तेव्हा हे सुरू झालं आणि मग राहिलंच. दर दोन-तीन महिन्यांनी कुणाचा तरी मेहुणा नाहीतर ऑफिसातला सोबती येतो आणि तीच भांडणं पुन्हा होतात. पानांवरून कधीच नाही, चॅटवरून. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. टेक्सास होल्डेम, म्हणजे आम्ही खेळतो तो पोकरचा प्रकार, कसा खेळतात हे येतं असं धरलंय. येत नसेल तर मला फोन करा, दहा मिनिटांचं काम आहे.

पैसे लावायचे असतात का?

नाही. एक रुपयासुद्धा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ त्यात बंद झाले, मग ते कौशल्याचे म्हणवणारे असोत की निव्वळ नशिबाचे. आमचं टेबल त्याआधीही फुकटच्या चिप्सचं होतं, आजही आहे. चिप्स म्हणजे नुसते आकडे, सोमवारी त्यांना कुणी विचारत नाही. कुणी गंमत म्हणून भडंगाच्या पाकिटाची पैज सुचवली तरी मी नाही म्हणतो. पाकिटावरून हजारावर जायला आपल्या लोकांना वेळ लागत नाही.

चिप्स फुकटच्या, मग एवढे नियम कशाला?

फुकटच्या आहेत म्हणूनच. पैसे असते तर माणूस आपसूक सावध राहिला असता. इथे हरल्याचं दुःख नाही, त्यामुळे तोंडाला लगाम नाही. आणि डाव एकदा फुटला की खेळण्यात काही उरत नाही, समोर निकाल आधीच कळलेली मॅच बघत बसल्यासारखं होतं.

चालू डावात पानांबद्दल बोलायचं नाही म्हणजे नेमकं काय?

डाव सुरू आहे आणि निदान दोघांच्या हातात पानं आहेत, तोवर तुमच्याकडे काय आहे, काय होतं, काय आलं असतं, दुसऱ्याकडे काय असेल, यातलं काहीही लिहायचं नाही. स्पर्धांचे नियम एकसारखे करण्यासाठी टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशन नावाची संघटना २००१ साली स्थापन झाली. तिच्या नियमांतही हेच आहे: हातातल्या किंवा टाकून दिलेल्या पानांची चर्चा नको, चालू डावावर सल्ला किंवा टीका नको, आणि एका हातावर खेळाडू एकच. तुमचा निर्णय तुमचा. त्यात शेजारचा नाही, बायको नाही, मीही नाही.

शब्दच लागतात असंही नाही. फ्लॉप, म्हणजे टेबलावरची सगळ्यांची पहिली तीन पानं, उघडल्याबरोबर "हाहाहा" आलं की सगळं कळतं. "अरे देवा" आलं तरी कळतं. आमच्यातला एक जण चांगली पानं आली की चॅटमध्ये एकदम गप्प होतो आणि फालतू आली की क्रिकेटवर बोलायला लागतो. ते मात्र चालतं. ज्याने ओळखलं त्याची ती कमाई.

मी तर फोल्ड केलंय, पानं टाकून दिलीत. आता बोललो तर कुणाचं काय बिघडतं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा. आणि यात गुन्हेगार मीच होतो, त्यामुळे सविस्तर सांगतो.

माझ्याकडे बदामाची सत्ती आणि चौकटची दुर्री आली. फ्लॉपच्या आधीच टाकून दिली, कुणीही टाकली असती. डावात दोघे राहिले: मिरजेचा एक मित्र आणि हळदीच्या व्यापारातले एक काका. फ्लॉप आला बदामाचा राजा, किलवरची सत्ती, इस्पिकची सत्ती. मी उसळलो आणि टाइप केलं, "आई गं, सत्ती टाकली!"

मिरजेच्या मित्राकडे काही नव्हतं. पण टेबलावर दोन सत्त्या पडल्यात म्हटल्यावर आपल्याकडे तिसरी आहे असं भासवून त्याने दणकून चार हजार लावले. चाल चांगली होती. काकांकडे राजा-राणी. त्यांच्या दोन जोड्या होत होत्या, राजांची आणि टेबलावरच्या सत्त्यांची, पण समोर तीन सत्त्या असतील तर त्या मातीमोल. काका फोल्ड करणारच होते, हे त्यांनी नंतर स्वतः सांगितलं. तेवढ्यात त्यांनी माझी ओळ वाचली. व्यापारी माणूस, हिशेब लगेच झाला. सत्त्या चार, दोन टेबलावर, एक या गाढवाने टाकली, उरली एकच. दोन लपलेल्या असताना जी भीती होती ती निम्म्यावर आली. त्यांनी कॉल केला, म्हणजे तेवढेच चार हजार लावले, आणि मित्र उघडा पडला.

मी डावात नव्हतो. तरी माझ्या चार शब्दांनी एकाच्या चिप्स दुसऱ्याच्या खिशात गेल्या. मित्राचा लगेच फोन आला, "मर्दा, तुझं तोंड मला चार हजाराला पडलं." पुढचे दोन शुक्रवार तो आला नाही. चूक त्याची नव्हतीच.

तेव्हा टाकलेल्या पानांबद्दलची हळहळ डाव संपेपर्यंत पोटात ठेवायची. पॉट, म्हणजे मधे जमलेल्या चिप्स, कुणीतरी घेतला की मग पोटभर रडा.

आम्ही दोघं एकाच घरातून खेळतो. चालतं का?

चालतं. पण वेगवेगळ्या खोल्यांत बसा, आणि फोनवर दुसरा कुठलाही कॉल चालू नको.

अडचण अशी आहे की आपण सगळे मेंढीकोटावर वाढलो. तिथे समोर भिडू असतो. नियमात बसत नसलं तरी भुवई उडवणं, खोकणं, पान जरा आपटून टाकणं हे आजोबांच्या काळापासून चालत आलंय आणि पकडलं गेलं तरी हसण्यावारी जातं. पोकरला भिडू नसतो. आठ जण बसले तर आठही एकमेकांचे विरोधक. त्यात दोघांनी आतून संगनमत केलं की उरलेले सहा जण कशाविरुद्ध खेळतायत हे त्यांना कळतच नाही. जनावरांच्या बाजारात दलाल उपरण्याखाली हात घालून बोटं दाबून भाव ठरवतात, भोवतीच्यांना फक्त उपरणं दिसतं, तसलं हे. बैलाच्या सौद्यात तो रिवाज आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. इथे ती लबाडी आहे.

याचाच एक गोड प्रकार म्हणजे सांभाळून घेणं. "वहिनी आहेत, त्यांच्यावर कशाला वाढवू" म्हणून हातात जबरदस्त पानं असताना काही न लावता नुसतं चेक करत जायचं. हेतू चांगला, पण तोटा तिसऱ्याचा, कारण वहिनींच्या ज्या चिप्स जायला हव्या होत्या त्या टेबलावर राहतात आणि पुढे त्याच्यावरच चालून येतात. शिवाय आमच्या टेबलावरच्या वहिनींना हे कळलं तेव्हा त्या ज्या भडकल्या, ते मी इथे लिहीत नाही.

मग बोलायचं तरी काय? खोटं बोललेलं चालतं का?

पोकर म्हणजे निम्मं नाटकच, आणि ते आम्हाला कुणी शिकवायला नको. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' उभं केलं ते याच सांगलीत. पण नाटक आणि डाव फोडणं यात फरक आहे.

आमचा नियम साधा. डावात तीन किंवा जास्त जण असतील तर डावाबद्दल चकार शब्द नको. दोघेच उरले की त्या दोघांनी एकमेकांना डिवचावं, प्रश्न विचारावेत. "झोपलास काय?" "एवढे लावलेस म्हणजे घाबरलास." हे सगळं चालेल. पण पानाचं नाव घ्यायचं नाही, खरंही नाही आणि खोटंही नाही. "माझ्याकडे एक्का आहे" हे खोटं असलं तरी बाद. काही ठिकाणी समोरासमोर दोघंच असताना पानांबद्दलही बोलू देतात, काही ठिकाणी लगेच दंड करतात. आम्ही कडक बाजू घेतली, कारण रात्री अकरा वाजता वाद मिटवत बसायची मला हौस नाही.

बडबडीचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे २००६ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा. ८,७७३ खेळाडूंतून जेमी गोल्ड जिंकला, बक्षीस १ कोटी २० लाख डॉलर. हा गडी अखंड बोलायचा, कधी कधी आपल्याकडे काय आहे ते चक्क खरं सांगायचा आणि समोरचा ते खोटं समजायचा. त्याच्या त्या बोलण्यावरून तेव्हाही वाद झाले होते. त्याची नक्कल आमच्या टेबलावर दोघांनी करून पाहिली. दोघेही पहिल्या तासात बाहेर गेले.

'एनएच', 'जीजी', 'टीवाय' हे काय असतं?

पैशांचं पोकर इंटरनेटवर १९९८ मध्ये प्लॅनेट पोकर नावाच्या साइटवर सुरू झालं. घड्याळ चालू असताना लांब लिहायला वेळ नसतो, त्यामुळे चॅटमध्ये अशी तुटक भाषा रुळली. एनएच म्हणजे नाइस हँड, छान खेळलास. टीवाय म्हणजे थँक यू. जीएल म्हणजे गुड लक. जीजी म्हणजे गुड गेम, ते बाहेर पडणाऱ्याला किंवा शेवटी सगळ्यांना म्हणायचं.

एनएच कुणी म्हणायचं याला महत्त्व आहे. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला म्हटलं तर तो मनाचा मोठेपणा. जिंकणाऱ्याने हरणाऱ्याला म्हटलं तर जखमेवर मीठ. समोरचा सगळ्या चिप्स लावून ऑल-इनमध्ये अडकलाय, रिव्हर, म्हणजे टेबलावरचं शेवटचं पान, यायचाय, आणि तुम्ही आधीच जीजी टाकलं, तर त्याला तो अपमान वाटणार. वाटायलाच हवा. आणि नशिबाने जिंकलेल्याला दात ओठ खात एनएच पाठवणं ही जगभरातली जुनी चलाखी आहे, सगळ्यांना कळते. त्यापेक्षा आपलं मराठी बरं. "मस्त रे", "घेतलास की", "लागली तुला". कोण कुठल्या सुरात बोलतंय ते लगेच लक्षात येतं.

एक्क्यांची जोडी होती तरी हरलो. रडू पण नको का?

रडा. एक ओळ.

दोन एक्के हातात येण्याची शक्यता २२१ डावांत एकदा. ते आले, समोरच्याला राजांची जोडी आली, फ्लॉपच्या आधीच सगळ्या चिप्स आत गेल्या, तर एक्केवाला शंभरात साधारण ८२ वेळा जिंकतो. म्हणजे १८ वेळा हरतो. पाच वेळा असं झालं तर जवळपास एकदा तुमची पाळी येणारच. त्यात ना ॲपचा कट आहे ना समोरच्याचं पाप. चॅटमध्ये "हे ॲपच चोर आहे" असं दर शुक्रवारी कुणीतरी लिहितं, आणि ते लिहिणारा मागच्या शुक्रवारी तसाच जिंकलेला असतो.

एक ओळीच्या पुढे गेलात की आम्ही त्याला महापूर म्हणतो. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४५ वर धोका पातळी. चॅटमध्ये कुणाचं रडगाणं लांबायला लागलं की कुणीतरी नुसतं "४०" लिहितं. तरी थांबला नाही की "४५". त्यापुढे मी म्यूट करतो. २०१९ चं पाणी घरात बघितलेले आमच्यात दोघे आहेत. ही गंमत त्यांनीच काढली, म्हणून ती चालते. दुसऱ्या कुणी काढली असती तर मला ती आवडली नसती.

नवीन माणूस चुकीचं खेळतोय. सांगू का त्याला?

नियम सांगा, खेळ शिकवू नका. "काका, तुमची पाळी", "आता चेक करता येईल, चिप्स लावायची गरज नाही", "बिग ब्लाइंड तुमचा आहे" (म्हणजे पानं बघण्याआधीच लावायच्या सक्तीच्या चिप्स) हे कुणीही कधीही सांगावं. पण "एवढ्याशा पानांवर कुणी कॉल करतं का?" हे डाव संपल्यावरही नको. एक तर तो तुमच्याकडे शिकवणीला आलेला नाही. दुसरं म्हणजे त्याने कॉल केला म्हणून तुम्ही हरलात, म्हणजे तुमचं बोलणं शिकवण्यासाठी नाहीच, ते चिडण्यासाठी आहे. हे सगळ्यांना दिसतं, तुम्हाला सोडून.

आमच्या एका पाहुण्याला पहिल्याच रात्री तिघांनी मिळून अक्कल शिकवली. बिचारा "बरं, बरं" करत राहिला. पुन्हा आला नाही. त्याने स्वतः विचारलं असतं तर शनिवारी चहावर बसून शिकवता आलं असतं. तसं खरंच करतो आम्ही, हौशीने.

कुणी फार वेळ लावतंय. "आटप की" म्हणू का?

एकदा म्हणा, तेही हसत. प्रत्येकाला वीस सेकंद आणि वर राखीव वेळ दिलेला आहे, तो त्याचा हक्क आहे. शिवाय तो विचारच करतोय कशावरून? पावसाळ्यात लाईट जाते, वायफाय मरतं, फोन डेटावर जायला वेळ लागतो. तुमचंच नेट गेलं तर परत आल्यावर "लाईट गेली होती" एवढं लिहा, लोक समजून घेतात.

एक मात्र माफ नाही. हातात सगळ्यात वरची पानं आहेत, समोरच्याने ऑल-इन केलंय, तुमचा कॉल नक्की आहे, तरी त्याला आशा वाटावी म्हणून घड्याळ शेवटपर्यंत पळवायचं. याला स्लो रोल म्हणतात. नियमात बसतो, पण ज्याने केला त्याच्याशी पुढच्या आठवडाभर कुणी नीट बोलत नाही.

शिव्या, टोमणे, 'भावा', 'लेका'?

'भावा', 'लेका', 'मर्दा' या शिव्या नाहीत. हे इथलं श्वास घेणं आहे. सांगलीकरांनी मिरजकरांना आणि मिरजकरांनी सांगलीकरांना टोमणे मारायचे, हेही चालतं, तसं झालं नाही तर लोक तब्येत विचारतात. पण टाइप केलेल्या टोमण्याला आवाज नसतो. समोर बसून, भडंगाचा घास तोंडात टाकत "वा, काय डोकं चालवलंस" म्हटलं तर माणूस हसतो. तेच वाक्य स्क्रीनवर, ऑल-इन हरल्यानंतर दोन सेकंदांत आलं तर लागतं. नवीन माणसाला तर हमखास. त्याची तुमची ओळख होईपर्यंत टोमणे जुन्यांपुरते ठेवा.

आई-बहिणीवरून, जातीवरून, कुणाच्या धंद्याच्या खोटीवरून एक शब्द आला तर त्या रात्रीपुरतं टेबल सुटलं. इशारा नाही. दुसऱ्यांदा झालं तर कायमचं.

मराठीतच बोलायचं का?

टेबलावर सगळ्यांना कळेल त्या भाषेत. परदेशातल्या मोठ्या पत्त्यांच्या खोल्यांत डाव चालू असताना एकच भाषा असा नियम असतो. त्यात भाषेचा अभिमान वगैरे काही नाही. दोघे जण तिसऱ्याला न कळणाऱ्या भाषेत बोलले तर ते पानं सांगतायत की जेवायचं विचारतायत हे कसं ओळखणार? आमच्यात अथणीकडचा एक जण आहे, घरी कन्नड बोलतो, मराठी उत्तम. पण मिरजेतल्या दोघांना कन्नड येतं. त्या तिघांचं चॅटमध्ये कन्नड सुरू झालं तेव्हा आम्हीच सांगितलं, डाव संपला की खुशाल. त्यांनी ऐकलंही. मग पुढच्या शुक्रवारी आमच्याच दोघांनी पुण्याहून आलेल्या हिंदी भाषक पाहुण्यासमोर ठेवणीतली गावरान मराठी सुरू केली, तेव्हा त्या तिघांनी तोच नियम आमच्या तोंडावर मारला. बरोबर केलं.

टोमॅटो, चप्पल, कोंबडी फेकायची चित्रं?

फेका. दर डावाला नको, फोन गरम होतो.

डाव संपल्यावर "काय होतं तुझ्याकडे?" विचारलं तर सांगायलाच हवं का?

नाही. समोरच्याने फोल्ड केलं असेल तर तुमची पानं तुमची. सांगा, सांगू नका, खोटं सांगा, तुमची मर्जी. विचारणाऱ्याने एकदा विचारावं, दुसऱ्यांदा नाही. ॲपमध्ये पुढचं पान कुठलं आलं असतं ते दाखवायचं बटण असतं. ते दाबून मग "बघ, आला असता माझा बदाम" असं सुनावणाऱ्यांसाठी वरचा "४०" चा नियम लागू.

तक्रार कुठे करायची?

मला. चॅटमध्ये जाहीर आरोप करू नका. "तुम्ही दोघं मिळालेले आहात" हे सगळ्यांसमोर लिहिलं आणि ते चुकीचं निघालं तर मागे घेता येत नाही. स्क्रीनशॉट काढा, डाव कितव्या वाजता झाला ते लिहा. ॲपमध्ये प्रत्येक डावाची नोंद राहते, ती मी उघडून बघतो. आजवर संगनमताच्या पाच तक्रारी आल्या. चार निव्वळ संशय निघाल्या. पाचवीतले दोघे सख्खे भाऊ होते आणि दोघांनी लगेच कबूल केलं, कारण धाकट्याला खोटं बोलताच येत नाही. तो पोकरही वाईटच खेळतो.

मध्येच उठायचं असेल तर?

दोन डाव आधी सांगा. सगळ्यात मोठा पॉट घेऊन पुढच्या सेकंदाला गायब व्हायला बंदी नाही, पण लोकांना परत मिळवायची संधी न देता गेलात ते लक्षात राहतं. "शेवटचे दोन, पहाटे सौद्याला जायचंय" एवढं लिहिलं तरी पुरतं. काका दर शुक्रवारी हेच लिहितात. मग सहा डाव खेळतात.